मळसूत्रावर चालणारी गाडी

मनुष्याने लावलेल्या शोधांत चाकाचे स्थान फार वरचे आहे. बैलगाडी, कुंभाराचे चाक, घड्याळ, मोटार, आगगाडी या सर्वांच्या मुळाशी चाकच आहे. परंतु चाकाला एक अट असते. ते चालावयाचे तर त्याच्याखाली कठीण भूमी हवी. ही अट जेथे पुरी होत नाही तेथे चाकाचा सारा पराक्रम संपतो.

ही गोष्ट मुळशी खोऱ्यातील मुलांना पुस्तकातून शिकविण्याचे कारण नाही. आषाढ लागला, की पौडापासून ताम्हिणी घाटापर्यंतची भातखाचरे पाण्याने तुडुंब भरतात आणि चिखलणी सुरू होते. त्या चिखलात साध्या चाकांचा ट्रॅक्टर घातला तर चाक जागच्या जागी गरगरते, आपल्याच फिरण्याने खड्डा खोदते आणि आसापर्यंत रुतून बसते. इंजिनाचा जोर जितका अधिक, तितका खड्डा खोल! म्हणून खाचरात यंत्र उतरविण्यापूर्वी शेतकरी त्यास रुंद, लोखंडी, जाळीदार चाके बसवितो.

जी कथा चिखलाची तीच भुसभुशीत बर्फाची. नुकताच पडलेला बर्फ पिंजलेल्या कापसासारखा असतो. त्यावर पाऊल टाकले तर मनुष्य मांडीपर्यंत आत जातो. अशा भूमीवरून गाडी न्यावयाची कशी, या प्रश्नाला अनेक उत्तरे मिळाली. त्यांतील एक उत्तर मोठे चमत्कारिक आहे. त्या गाडीला चाके नसतात, पट्टे नसतात, ओढावयास कुत्रीही नसतात. ती मळसूत्रावर चालते.

मळसूत्र आपल्या घरातच आहे. दिवाळीत आई चकलीच्या सोऱ्याची मूठ फिरविते. मूठ गोल फिरते, पण आतील दट्ट्या मात्र सरळ खाली जातो आणि चकली बाहेर पडते. सुताराचा फिरकीचा खिळाही असाच वळत वळत लाकडात शिरतो. गोल गतीचे सरळ गतीत रूपांतर करणे, हे मळसूत्राचे कार्य होय.

हे कसे घडते, ते समजण्यासाठी कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापा. त्याची एक काठ पेन्सिलीला समांतर धरून तो पेन्सिलीभोवती गुंडाळा. त्रिकोणाची तिरपी बाजू पेन्सिलीभोवती वळणे घेत चढताना दिसेल. म्हणजे मळसूत्र ही दुसरेतिसरे काही नसून नळकांड्याभोवती गुंडाळलेली उतरण आहे. घाटातील रस्ता जसा वळणे घेत डोंगर चढतो, तसेच हे आटे नळकांड्यावर चढतात. लगतच्या दोन आट्यांमधील अंतर जेवढे, तेवढे मळसूत्र एका फेऱ्यात पुढे सरकते.

मळसूत्राचा उपयोग मनुष्यास फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिराक्यूज येथे होऊन गेलेल्या आर्किमिडीज या थोर गणितज्ञाच्या नावाने पाणी वर चढविणारे मळसूत्र प्रसिद्ध आहे. तिरप्या नळीत बसविलेले हे मळसूत्र फिरविले, की खालचे पाणी आट्या-आट्याने वर चढते. त्यानंतर पुष्कळ शतकांनी या कल्पनेने आगबोटीला गती दिली. १८४५ साली इंग्रजांच्या आरमाराने एक गमतीची परीक्षा घेतली. ‘रॅटलर’ नावाच्या बोटीला मागे मळसूत्री पंखा होता व ‘अलेक्टो’ नावाच्या बोटीला दोन्ही अंगांस वल्ह्यांची चक्रे होती. दोन्ही बोटी दोरखंडाने एकमेकींस बांधून विरुद्ध दिशांना हाकल्या. रॅटलरने अलेक्टोला मागे खेचीत नेले आणि मळसूत्राची सरशी सर्वांना दिसून आली.

मळसूत्र पाण्यात चालते, मग चिखलात व बर्फात का चालू नये? असा विचार काही कल्पक मनुष्यांच्या मनात आला. मूळचा स्वित्झर्लंडचा, पण अमेरिकेतील सेंट लुइस येथे स्थायिक झालेला जेकब मोराथ याने एकोणिसाव्या शतकात अशा यंत्राची योजना केली. ती बर्फासाठी नव्हती, शेतीसाठी होती. तिच्यातील मळसूत्रांना धारदार कडा होत्या. यंत्र पुढे जाई तसतशी जमीनही फोडली जावी, असा त्याचा हेतू होता. पुढे अमेरिकेच्या थंड प्रदेशांत बर्फावरून लाकडाचे ओंडके ओढून नेण्यासाठी ही कल्पना उपयोगात आणण्याचे प्रयत्न झाले. १९२० नंतरच्या दशकात आर्मस्टेड नावाची ‘स्नो मोटर’ तेथे निघाली. फोर्डसन ट्रॅक्टरची चाके काढावयाची आणि त्या जागी दोन लांब, पोकळ, आटेदार पिंपे बसवावयाची, अशी ती योजना होती. १९२४ साली तिचा एक चित्रपटही काढण्यात आला. त्यात हा ट्रॅक्टर खोल बर्फातून ओझे ओढीत नेताना दिसतो.

आता या गाडीची रचना पाहू. गाडीच्या खाली, तिच्या लांबीच्या दिशेने, दोन मोठी पोकळ पिंपे आडवी बसविलेली असतात. पिंपांची टोके निमुळती असतात. प्रत्येक पिंपाच्या अंगावर लोखंडाची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी मळसूत्रासारखी वेढे देत जोडलेली असते. इंजिन ही पिंपे फिरविते. बोल्ट जसा नटात शिरतो तसे पिंपाचे आटे बर्फात शिरतात. येथे गाडी हा बोल्ट आणि सारी बर्फाची भूमी हा नट, असे समजावे. नट स्थिर राहतो, म्हणून बोल्टाला पुढे जावेच लागते.

परंतु एकाच पिंपाने भागत नाही. याचे कारण नीट ध्यानात घेतले पाहिजे. फिरणारे पिंप जमिनीवर ठेवले तर ते पुढे तर जाईलच, परंतु रोडरोलरच्या चाकाप्रमाणे एका बाजूस लोळूही लागेल. म्हणून दोन पिंपे घेतात. एकाचे आटे उजव्या पिळाचे आणि दुसऱ्याचे डाव्या पिळाचे असतात व दोन्ही पिंपे परस्परविरुद्ध दिशांनी फिरवितात. एक उजवीकडे लोळू पाहते, दुसरे डावीकडे. दोन्ही ओढी एकमेकींना मारतात. पुढे ढकलणारा जोर मात्र दोघांचा एकाच दिशेने असतो, म्हणून गाडी सरळ जाते. एका पिंपाचा वेग कमी केला तर गाडी त्या बाजूस वळते. दोन्ही पिंपे एकाच दिशेने फिरविली तर पुढचा जोर मागच्या जोराशी लढून नाहीसा होतो, आणि कठीण जमिनीवर गाडी खेकड्यासारखी आडवी चालू लागते!

पिंप पोकळ ठेवण्यातही मोठे चातुर्य आहे. रुतणे किंवा न रुतणे हे केवळ वजनावर अवलंबून नसते, ते वजन किती जागेवर पसरले आहे यावर अवलंबून असते. समजा, एका विद्यार्थ्याचे वजन ४० किलोग्रॅम आहे व त्याच्या दोन्ही तळव्यांचे क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटिमीटर आहे. तो चिखलात उभा राहिला तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १०० ग्रॅम भार पडेल. तोच विद्यार्थी ४,००० चौरस सेंटिमीटरच्या फळीवर उभा राहिला तर हा भार केवळ १० ग्रॅम होईल. लांब पिंपे या फळीचे काम करतात. शिवाय ती आतून पोकळ व बंद असल्यामुळे पाण्यावर तरंगतात. म्हणून ही गाडी बर्फावरून दलदलीत आणि दलदलीतून पाण्यात, न थांबता, जाऊ शकते. चाकाची गाडी व होडी या दोघींनाही जेथे वाट नाही, तेथे हिला वाट असते.

अशा गाडीची मनुष्यास किती गरज पडू शकते, हे १९६५ सालच्या एका घटनेवरून कळून येईल. त्या वर्षीच्या मार्च महिन्याच्या १८ तारखेस सोव्हिएट रशियाने ‘वोस्खोद-२’ हे यान आकाशात सोडले. त्यात पावेल बेल्यायेव आणि अलेक्सेई लिओनोव हे दोन वीर होते. त्याच दिवशी लिओनोव यानाबाहेर पडून अंतराळात तरंगला. असे करणारा तो पहिला मानव होय. सारे जग त्याचे कौतुक करीत असता परतीच्या वेळी यानाची आपोआप उतरण्याची यंत्रणा बिघडली. बेल्यायेवने यान स्वतःच्या हातांनी उतरविले. परंतु ते ठरलेल्या जागेपासून शेकडो किलोमीटर दूर, पर्म शहरापलीकडील घनदाट अरण्यात, खोल बर्फात पडले.

यानाचा ठिकाणा लागला, विमाने वर घिरट्या घालू लागली, पण दाट झाडीमुळे हेलिकॉप्टर उतरेना. जमिनीवरून गाडी नेण्याइतका रस्ता नव्हता. पहिली रात्र त्या दोघांनी कडाक्याच्या थंडीत यानातच काढली. दुसऱ्या दिवशी बर्फावर घसरत चालण्याच्या लाकडी पट्ट्या पायांना बांधून साहाय्यक त्यांच्यापर्यंत पोहोचले. त्यांनी झाडे तोडून तात्पुरता निवारा उभारला व शेकोटी पेटविली. तिसऱ्या दिवशी, २१ मार्च रोजी, सर्व जण तशाच पट्ट्यांवरून कित्येक किलोमीटर चालत हेलिकॉप्टरपर्यंत गेले. पृथ्वीची प्रदक्षिणा दीड तासात करणाऱ्या वीरांना अरण्यातील थोडेसे अंतर ओलांडावयास दोन रात्री थांबावे लागले!

अशा प्रसंगी उपयोगी पडतील अशी वाहने निर्माण करण्याचे काम मॉस्कोच्या ‘झिल’ या मोटार कारखान्यातील विताली ग्राचेव आणि त्याचे सहकारी यांनी केले. त्यांनी सहा मोठ्या चाकांची, पाण्यातही तरणारी एक गाडी तयार केली. ती ‘निळा पक्षी’ या नावाने प्रसिद्ध झाली. जेथे या गाडीचीही गती खुंटेल तेथे कामी यावी, म्हणून तिच्या पाठीवर एक छोटी मळसूत्री गाडी ठेवण्याची सोय केलेली होती. ठरावीक ठिकाणी पोहोचल्यावर यारीने ती गाडी खाली उतरावयाची आणि तिने बर्फातून किंवा दलदलीतून अंतराळवीरांकडे जावयाचे, अशी ही योजना होती.

मोठी गाडी छोट्या गाडीला पाठीवर घेऊन जाते, यातच मळसूत्री गाडीचा गुण व दोष दोन्ही सामावले आहेत. मऊ भूमीवर ती राणी आहे, पण कठीण सडकेवर पांगळी आहे. दगडावर तिचे आटे रुतत नाहीत, उलट झिजतात आणि रस्त्याचीही नासाडी करतात. दुसरा दोष याहून खोल आहे. चाक जमिनीवर लोळते, म्हणून त्याचे घर्षण थोडे असते. मळसूत्राचे आटे मात्र बर्फाला सारखे घासत पुढे जातात. या घासण्यात इंजिनाची पुष्कळ शक्ती खर्ची पडते. अमेरिकेनेही १९६० नंतरच्या दशकात दलदलीसाठी अशा गाड्या बांधून पाहिल्या. चिखलात त्या उत्तम चालल्या, पण घट्ट जमिनीवर त्यांचे काही चालेना. याच कारणाने आज बर्फावरील बहुतेक मोठी वाहने रणगाड्याप्रमाणे पट्ट्यांवर चालतात. आपल्या देशाची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी त्या हिमखंडावर उतरली. तेव्हापासून तेथे भारताची केंद्रे उभी राहिली. तेथील बर्फावर सामान वाहून नेण्यासाठी आपले लोक पट्ट्यांच्या गाड्याच वापरतात.

म्हणून मळसूत्री गाडी फुकट गेली, असे मात्र समजू नये. हॉलंडमध्ये समुद्र हटवून नवी जमीन तयार करतात. ती प्रथम केवळ चिखलाची असते. मनुष्य तीवर चालू शकत नाही, आणि होडीला पुरेल इतके पाणीही तीत नसते. अशा भूमीवर ‘ॲम्फिरोल’ नावाच्या मळसूत्री गाडीने माती तपासणाऱ्यांना नेले. चिखलात चऱ्या पाडून पाणी निचरून जाण्यास तिने साहाय्यही केले. रशियाच्या बर्फाळ खेड्यांत तर आजही हौशी कारागीर जुन्या लोखंडी पिंपांवर पट्ट्या जोडून आणि मोटारसायकलचे इंजिन बसवून घरच्या घरी अशा गाड्या बनवितात.

आपल्याकडे बर्फ पडत नाही. तरी या गाडीचे छोटे प्रतिरूप करून पाहण्यास काहीच हरकत नाही. त्यासाठी सरळ अंगाच्या, एकाच मापाच्या दोन प्लॅस्टिकच्या बाटल्या घ्या. प्रत्येकीच्या बुडातून व झाकणातून सायकलचा एक आरा बरोबर मध्यावरून आरपार घाला. आरा बाटलीसह फिरेल असा पक्का चिकटवा, म्हणजे पाणीही आत शिरणार नाही. आता बाटलीवर पाच-पाच सेंटिमीटरवर खुणा करा आणि त्या खुणांवरून जाड दोरी वेढे देत चिकटवा. एका बाटलीवरील पीळ उजवा व दुसरीवरील डावा हवा. बाटली उभी धरली असता समोरच्या बाजूचे वेढे डावीकडून उजवीकडे चढत गेले, तर तो उजवा पीळ होय.

दोन्ही बाटल्या एका हलक्या लाकडी चौकटीत शेजारी शेजारी बसवा. चौकटीच्या आडव्या पट्ट्या बाटल्यांच्या खाली येणार नाहीत इतक्या अरुंद ठेवा, नाही तर त्याच जमिनीत रुततील. खेळण्यांतील, दात्यांच्या चाकांनी वेग कमी केलेल्या दोन विद्युत-मोटारी घेऊन त्या रबरी नळीच्या तुकड्याने आऱ्यांना जोडा. प्रत्येक मोटारीला निराळी कळ ठेवा. विजेरीचे घट चौकटीच्या मध्यभागी बांधा. घरातील विजेच्या तारेस मात्र ही गाडी कधीही जोडू नये.

बर्फ नसला तरी भाताच्या गिरणीत तुसांचे ढीग असतात. एका पसरट घमेल्यात तुसे भरून गाडी त्यावर चालवा. मागून पाहिले असता उजव्या पिळाची बाटली घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आणि डाव्या पिळाची त्याच्या उलट फिरली, तर गाडी पुढे जाईल. तसे न झाल्यास त्या मोटारीच्या दोन तारांची अदलाबदल करा. आता मोजणी करा. आट्यांतील अंतर ५ सेंटिमीटर असल्यामुळे दहा फेऱ्यांत गाडी ५० सेंटिमीटर गेली पाहिजे. ती ३० सेंटिमीटर गेली, तर शेकडा ४० भाग गती निसटण्यात वाया गेली असे समजावे. मग हीच मोजणी ओल्या वाळूवर, पातळ चिखलात आणि फरशीवर करा. आलेले आकडे वहीत नोंदवा. कोणती भूमी या गाडीची आणि कोणती नव्हे, ते ते आकडेच सांगतील.

हा प्रयोग प्रतिरूपापुरताच ठेवावा. मोठ्या गाडीच्या उघड्या, फिरत्या आट्यांत हातपाय सापडला तर भयंकर इजा होते. म्हणून ते काम जाणत्या कारागिरांवरच सोपविणे श्रेयस्कर.

विळ्याने लाकूड फुटत नाही आणि कुऱ्हाडीने भाजी चिरता येत नाही. म्हणून त्यांतील एकही हत्यार वाईट ठरत नाही. यंत्रांचेही तसेच आहे. कोणते यंत्र श्रेष्ठ, असे नुसते विचारण्यात अर्थ नाही. कोणत्या कामासाठी आणि कोणत्या भूमीवर, हेही विचारले पाहिजे. राजरस्त्यावर मळसूत्री गाडीकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही. पण जेथे रस्ता संपतो, चाक रुतते आणि पलीकडे एखादा जीव मदतीची वाट पाहत असतो, तेथे हे मागे पडलेले यंत्रच पुढे जाते.

शब्दार्थ

मळसूत्र – आटे पाडलेला दांडा, फिरकी.
उतरण – एका बाजूने चढत जाणारा तिरपा पृष्ठभाग.
खाचर – बांध घालून पाणी अडविलेले भाताचे शेत.
आस – चाकाच्या मध्यातून जाणारा दांडा.
यारी – जड वस्तू उचलण्याचे यंत्र.
प्रतिरूप – मूळ वस्तूची लहान नक्कल.

अभ्यास

१. चिखलात इंजिनाचा जोर वाढविला असता चाक अधिक का रुतते?
२. मळसूत्री गाडीस दोन पिंपे का लागतात? ती एकाच दिशेने फिरविल्यास काय होईल?
३. ‘निळा पक्षी’ या गाडीच्या पाठीवर दुसरी गाडी का ठेवीत असत?
४. तुमच्या घरात व गावात मळसूत्राचा उपयोग कोठे कोठे केलेला आढळतो, त्याची यादी करा.
५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : गती खुंटणे, ढुंकूनही न पाहणे, सरशी होणे, खर्ची पडणे.
६. ‘आमच्या गावची चिखलणी’ या विषयावर पंधरा ओळी लिहा.